तुटीचा अर्थभरणा, भारतातील

तुटीचा अर्थभरणा, भारतातील : सरकारचा खर्च कर व करेतर उत्पन्नापेक्षा अधिक झाला की फरकाची रक्कम कर्ज काढून, साठवलेली रोकड वापरून किंवा मध्यवर्ती बँकेकडून पैसा घेऊन भागवावी लागते. या भागवण्यास स्थूलमानाने तुटीचा अर्थभरणा म्हणतात. भारतात मात्र १९९७ पर्यंत ही संज्ञा बऱ्याच संकुचित अर्थाने वापरली जाई. रिझर्व्ह बँकेला ट्रेझरी बिले देऊन उभारलेला पैसा आणि रोख शिलकीतील घट, एवढेच तीत मोडे. रोखे विकून बँकांकडून व विमा कंपन्यांकडून घेतलेले कर्ज, अल्पबचतीतून आलेली रक्कम, परदेशी साहाय्य हे सर्व ‘भांडवली जमा’ म्हणून वेगळे दाखवीत. त्यामुळे अंदाजपत्रकात छापलेली तूट लहान दिसे आणि कर्ज तिच्या कितीतरी पट वेगाने वाढत राही.

स्वतंत्र भारताचे पहिले अंदाजपत्रक आर. के. षण्मुखम् चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ रोजी मांडले. साडेसात महिन्यांच्या त्या अंदाजपत्रकात महसूल १७१·१५ कोटी रुपये व खर्च १९७·३९ कोटी रुपये धरला होता, म्हणजे तूट आरंभापासूनच होती.

घटनात्मक तरतूद : संविधानाच्या अनुच्छेद २९२ नुसार भारताच्या संचित निधीच्या तारणावर कर्ज काढण्याचा अधिकार केंद्राच्या कार्यकारी शाखेस आहे, त्यावर संसदेला कायद्याने मर्यादा घालता येते. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा संसद हा अधिकार गांभीर्याने वापरील व वेळोवेळी मर्यादेचे कायदे करील, अशी अपेक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी व्यक्त केली होती. रुपयाचा प्रश्न (१९२३) आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्था (१९२५) या विषयांवर ग्रंथ लिहिलेल्या अर्थशास्त्रज्ञाची ती अपेक्षा होती, हे ध्यानात घ्यावे लागते. तसा कायदा व्हायला २००३ साल उजाडले. दरम्यान खर्चाच्या मागण्यांवर लोकसभा मतदान करीत राहिली. पण तूट कोणत्या मार्गाने भरून निघेल, हे ठरविण्याचे काम प्रामुख्याने अर्थ मंत्रालय व रिझर्व्ह बँक यांच्यातील व्यवहारावर राहिले. कर्जावरील व्याज तर ‘भारित खर्च’ असल्याने त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही.

तदर्थ ट्रेझरी बिले : भारतीय तुटीच्या इतिहासात या साधनाइतके परिणामकारक व इतके कमी चर्चिले गेलेले दुसरे साधन नाही. रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या कलम १७(५) खाली बँक सरकारला तीन महिन्यांत परतफेडीच्या बोलीवर उचल देऊ शकते. जानेवारी १९५५ मध्ये सरकार व बँक यांच्यात एक प्रशासकीय व्यवस्था ठरली. सरकारच्या खात्यात शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी किमान ४ कोटी रुपये असावेत, शिल्लक त्याखाली गेल्यास बँकेने ९१ दिवसांची तदर्थ बिले निर्माण करून ती भरून काढावी, असे तिचे स्वरूप होते. शुक्रवार निवडला तो बँकेचे साप्ताहिक विवरणपत्र त्या दिवसाच्या आकड्यांवर निघत असे म्हणून. या बिलांसाठी ना लिलाव होई, ना खरेदीदार शोधावा लागे. मुदत संपली की जुन्या बिलाच्या जागी नवे येई. तीन महिन्यांची उचल अशा रीतीने कायमचे कर्ज बनली आणि रिझर्व्ह बँकेच्या नव्या पैशाचा नळ सरकारच्या खात्याला जोडला गेला.

त्या वेळी चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३–४९) म्हणून टेबलाची दुसरी बाजूही त्यांना आतून ठाऊक होती.  दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने ४,८०० कोटींच्या सार्वजनिक खर्चापैकी १,२०० कोटी, म्हणजे चौथा हिस्सा, तुटीच्या अर्थभरण्यातून येईल असे धरले. अर्थतज्ज्ञांच्या सल्लागार मंडळातील बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये भिन्नमतपत्रिका जोडून भाववाढीचा व नियंत्रणे वाढण्याचा इशारा दिला. १९५७ पासून परकीय चलनाची टंचाई जाणवू लागली. तिला तूट कितपत कारण होती आणि यंत्रसामग्रीची आयात कितपत, याबाबत मतभेद आहेत.

तदर्थ बिलांचा व्याजदर जुलै १९७४ पासून ४·६ टक्क्यांवर गोठविण्यात आला. घाऊक किमती वर्षाला वीस टक्क्यांहून अधिक वाढत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. नव्या पैशाचा महागाईवर होणारा परिणाम आवरण्यासाठी बँकांच्या ठेवी अडकवाव्या लागल्या. १९९० च्या अखेरीस रोख राखीव प्रमाण १५ टक्के आणि वैधानिक रोखता प्रमाण ३८·५ टक्के होते. म्हणजे सर्वसामान्य ठेवीदाराच्या शंभर रुपयांतील त्रेपन्न-साडेत्रेपन्न रुपये रिझर्व्ह बँकेत किंवा मुख्यतः सरकारी रोख्यांत जात. शेतकऱ्याला, कारखानदाराला कर्ज देण्यास जे उरे, ते यातून सुटलेले. तुटीचा भार कोणावर पडतो, हे या आकड्यांत स्पष्ट दिसते.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ मध्ये अंदाजपत्रकातील तुटीची व्याख्याच अपुरी असल्याचे दाखवून दिले. नंतर राजकोषीय तूट हे मोजमाप रूढ झाले. तीत निव्वळ कर्ज सगळे येते. १९९०-९१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ८ टक्के होती. १९९१ च्या परकीय चलनसंकटात सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवावे लागले.

९ सप्टेंबर १९९४ रोजी डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री व चक्रवर्ती रंगराजन गव्हर्नर असताना सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला. तदर्थ बिलांची निव्वळ वाढ त्या वर्षअखेरीस ६,००० कोटींपेक्षा आणि वर्षात सलग दहा कामकाजी दिवसांहून अधिक काळ ९,००० कोटींपेक्षा जास्त असू नये, असे ठरले. १ एप्रिल १९९७ पासून ही बिले बंद झाली आणि मर्यादित अर्थोपाय उचल, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतची तात्पुरती उचल, आली. १९९७-९८ च्या पहिल्या सहामाहीत तिची मर्यादा १२,००० कोटी, दुसऱ्या सहामाहीत ८,००० कोटी होती. जुनी बिले ४·६ टक्के व्याजाच्या, मुदत न ठरविलेल्या खास रोख्यांत बदलण्यात आली. बेचाळीस वर्षे चाललेली व्यवस्था अशा रीतीने संपली. नव्वदच्या दशकातील आर्थिक सुधारणांत परवानाराज संपल्याची आठवण सर्वांना आहे. या सुधारणेचे महत्त्व त्याहून कमी नाही.

वित्तीय उत्तरदायित्व अधिनियम : २००३ चा कायदा ५ जुलै २००४ पासून लागू झाला. महसुली तूट (महसुली खर्चाचे महसुली जमेवरील आधिक्य) संपविणे व राजकोषीय तूट ३ टक्क्यांवर आणणे ही त्याची उद्दिष्टे. १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारचे रोखे थेट सरकारकडून घेण्यास, अपवाद वगळता, मनाई झाली. २००८ च्या जागतिक मंदीनंतर उद्दिष्टे लांबली. २०१८ च्या दुरुस्तीने प्रथमच कर्जाचे प्रमाण थेट लक्ष्य केले : २०२४-२५ पर्यंत केंद्राचे कर्ज ४० टक्के आणि केंद्र-राज्यांचे मिळून ६० टक्के. कोविड साथीच्या २०२०-२१ या वर्षी केंद्राची तूट ९·२ टक्क्यांवर गेली आणि ते वेळापत्रक मागे पडले. अन्न महामंडळाने अल्पबचत निधीतून घेतलेली कर्जे फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात आणल्याने तुटीचे चित्र अधिक खरे झाले, याची येथे नोंद करणे अगत्याचे आहे. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बाजारातून मोठ्या प्रमाणावर रोखे विकत घेतले; त्याला जुन्या पद्धतीचे पुनरागमन म्हणावे की नाही, यावर एकमत नाही.

सद्यःस्थिती : २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात केंद्राचा एकूण खर्च ५०·६५ लाख कोटी, राजकोषीय तूट १५·६९ लाख कोटी (४·४ टक्के) व व्याज १२·७६ लाख कोटी रुपये अंदाजिले होते. म्हणजे खर्चाच्या प्रत्येक चार रुपयांतील एक रुपया व्याजाचा; आणि त्या वर्षाच्या तुटीचा बहुतांश भागही मागील कर्जावरील व्याजाएवढा. मार्च २०३१ पर्यंत केंद्राचे कर्ज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५० टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे.

राज्ये : अनुच्छेद २९३(३) नुसार केंद्राचे कर्ज थकीत असलेल्या राज्यास नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. या संमतीच्या अटींवरून केरळने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १ एप्रिल २०२४ रोजी ते प्रकरण घटनापीठाकडे सोपविण्यात आले. केंद्राप्रमाणे महाराष्ट्राचाही वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा असून तो २००५ चा आहे.