टार्गेटिंग : कॉलेज फुटबॉलमधील वादग्रस्त शिक्षा

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेटच्या माथ्याने प्रतिस्पर्ध्यावर जोराने धडकणे, किंवा स्वतःला सावरू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर वा मानेवर आघात करणे म्हणजे टार्गेटिंग. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने 2008 मध्ये त्यासाठी 15 यार्डांचा दंड ठेवला. 2013 पासून दोषी खेळाडूला सामन्याबाहेरही काढले जाऊ लागले.

मेंदूच्या इजा टाळण्याचा हेतू निर्विवाद आहे. अंमलबजावणी मात्र पहिल्याच वर्षी अन्यायकारक ठरली: व्हिडिओ फेरतपासणीत खेळाडू निर्दोष ठरला, तरी संघाचा दंड कायम राही. ही विसंगती 2014 मध्ये दूर झाली.

खरी चीड उत्तरार्धातील शिक्षेबद्दल होती, कारण तिच्यामुळे पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही हुकत असे. 2018 मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा (एलएसयू) लाइनबॅकर डेव्हिन व्हाइट मिसिसिपी स्टेटविरुद्ध असा बाहेर गेला आणि अलाबामाविरुद्धच्या लढतीचा पूर्वार्ध त्याला खेळता आला नाही. चाहत्यांनी थेट अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये ‘डेव्हिन व्हाइटला सोडा’ असे फलक झळकवले. एलएसयू 29–0 अशी हरली. क्षणार्धात झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेला हल्ला यांना सारखीच शिक्षा, हा आक्षेप रास्तच आहे.

2019 पासून फेरतपासणीत सर्व निकष सिद्ध होणे सक्तीचे झाले. 2022 मध्ये उत्तरार्धातील शिक्षेविरुद्ध दाद मागण्याची सोय झाली. तरीही 1 जानेवारी 2025 च्या पीच बाउल सामन्यात टेक्सासच्या बचावपटूने ॲरिझोना स्टेटच्या खेळाडूला दिलेली जबर धडक फेरतपासणीनंतर टार्गेटिंग ठरली नाही. ॲरिझोना स्टेट दुसऱ्या जादा डावात 39–31 अशी हरली आणि वाद नव्याने पेटला.