टीव्हीवरचा न्यूज अँकर प्रॉपर्टी एजंट होतो तेव्हा: चेहरा ओळखीचा, पण रेरा नंबर कुठंय?

कालपर्यंत स्टुडिओत बसून ब्रेकिंग न्यूज देणारा चेहरा आज रीलमध्ये प्लॉटच्या मधोमध उभा दिसतो. आवाज तोच, थांबण्याची लकब तीच. फक्त हेडलाईनच्या जागी ‘हायवे टच, एनए, क्लिअर टायटल’ आलेलं असतं. लगेच कमेंट येते, ‘हे बातम्या द्यायचे ना? आता दलाली करतात?’

आता करतात तर करतात, त्यात कमीपणा काही नाही. अमेरिकेत तर ही वाट चांगली मळलेली आहे. तिथे शहराशहराची स्थानिक न्यूज चॅनेल्स असतात आणि अँकर त्या गावात घरोघरी माहीत असतो. पण त्याच्या करारात बऱ्याचदा एक अट असते: नोकरी सोडली तर ठरावीक काळ त्याच शहरातल्या दुसऱ्या चॅनेलवर जायचं नाही. मुलांची शाळा, घर सगळं तिथेच. मग गाव न सोडता ओळख कामी येईल असा धंदा म्हणून कित्येक जण राज्याची परीक्षा देतात, लायसन्स काढतात आणि घरं विकायला लागतात.

मराठीत बातम्या सोडून दुसरीकडे गेलेली मोठी नावं वेगळ्या क्षेत्रांतली आहेत. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तिथे बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील सिनेमात गेल्या, भक्ती बर्वे यांनी रंगभूमी गाजवली. प्रदीप भिडे यांनी बातम्यांसोबत स्वतःचा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवला आणि जाहिरातींना आवाज दिला. म्हणजे बातमीने दिलेला आवाज आणि चेहरा दुसऱ्या बाजारात चालतो, हे आपल्याकडे तेव्हापासून माहीत आहे.

पुढे २००७ च्या आसपास चोवीस तासांची मराठी चॅनेल्स आली. ‘स्टार माझा’ त्याच वर्षीचं, २०१२ मध्ये त्याचं ‘एबीपी माझा’ झालं. अँकरच्या खुर्च्या वाढल्या, पण त्या बहुतेक मुंबईत. आता समजा बागलाण तालुक्यातला एखादा अँकर नोकरी सोडून सटाण्याला परत आला. नाशिकपासून साधारण ९० किलोमीटरवरच्या या गावात न्यूज चॅनेलचा स्टुडिओ नाही. कांदा आहे, डाळिंब आहे, द्राक्षं आहेत आणि जमिनीचे व्यवहार आहेत. ओळखीचा चेहरा आणि बोलण्याची हातोटी यांचे पैसे व्हावेत अशी कामं इथे मोजकीच, त्यातलं एक हे.

उत्पन्नाचं गणित मात्र उलटं होतं. पगार बंद, दलाली सुरू. दलालीचा दर रेरा कायद्याने ठरवलेला नाही. बाजारात साधारण एक ते दोन टक्के चालते, तीही व्यवहार पुरा झाला तरच. सहा महिने लोकांना प्लॉट दाखवत फिरलात आणि सौदा फिसकटला तर पेट्रोल तुमचंच.

आता कायदा. रेरा म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. त्याच्या कलम ९ नुसार रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा तर एजंटची स्वतःची नोंदणी लागते. महाराष्ट्रात एकट्या व्यक्तीसाठी फी १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं. शिवाय महारेराने २०२३ मध्ये २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षेची अट घातली. टीव्हीवर वीस वर्षं काढलेल्यालाही यातून सूट नाही. नोंदणीशिवाय काम केलं तर कलम ६२ प्रमाणे रोज १०,००० रुपये दंड, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत.

पण सटाण्यासारख्या गावात खरी मेख पुढे आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणी लागत नाही. शेतजमिनीची नुसती खरेदी-विक्री हा तर रेराचा विषयच नाही. म्हणजे मळ्याचा सौदा जुळवणाऱ्या मध्यस्थाकडे रेरा नंबर मागायचा प्रश्नच येत नाही, आणि बागलाणात व्यवहार मळ्यांचेही होतात. तिथे चेहरा कितीही ओळखीचा असो, भरवसा कागदावरच ठेवायचा.

पहिला कागद सातबारा, सोबत जुने फेरफार. ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलं असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. तुम्ही शेतकरी नसाल तर कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन थेट घेता येत नाही. तालुक्याच्या पश्चिमेला आदिवासी गावं बरीच आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं. त्यात परवानगी नसेल तर व्यवहार रद्द होऊन जमीन परत जाऊ शकते. तुमचे पैसे मग एजंटच्या मागे लागून वसूल करत बसा.

तुकडेबंदीही आहे. ऑगस्ट २०२३ पासून जिरायत शेतीसाठी किमान २० आणि बागायतीसाठी १० गुंठे क्षेत्र ठरलंय. शहरी भागासाठी नंतर सवलती आल्या, पण मळ्यातल्या दोन गुंठ्यांना त्या आपोआप लागू होतात असं नाही. रीलमध्ये ‘फक्त दोन गुंठे’ ऐकलं की आधी एनए आदेश आणि मंजूर लेआउट मागायचा. सटाणा ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते देवमामलेदार यशवंतराव महाराज स्वतः मामलेदार होते, म्हणजे आजच्या भाषेत तहसीलदार. जमिनीचे हे कागद आजही तहसील आणि तलाठी कार्यालयांत तपासता येतात.

रीलचंही उत्तरदायित्व आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ नुसार फसव्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. सांगितलेल्या गोष्टींची आपण आधी रीतसर खातरजमा केली होती, हे दाखवता आलं तर सुटका. बातमी देणाऱ्याला ही सवय असायला हवी, नाही का?

नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा नंबर आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. प्रकल्पाचा नंबर ‘पी’ अक्षराने सुरू होतो, एजंटचा ‘ए’ने. दोन्ही महारेराच्या वेबसाईटवर फुकट तपासता येतात, आणि एजंटच्या नोंदणीची मुदत संपली आहे का तेही तिथेच कळतं.