द जंगल बुक

द जंगल बुक हा इंग्लिश लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा १८९४ साली प्रसिद्ध झालेला कथासंग्रह आहे. द सेकंड जंगल बुक हा त्याचा दुसरा भाग १८९५ मध्ये प्रकाशित झाला. लांडग्यांच्या कळपात वाढलेल्या मोगली या मुलाच्या कथांमुळे हे दोन्ही संग्रह जगभर ओळखले जातात. पहिल्या संग्रहातील तीन व दुसऱ्यातील पाच कथा मोगलीच्या आहेत. रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाची प्रसिद्ध कथा मात्र स्वतंत्र आहे.

पार्श्वभूमी

किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग तेथील जे. जे. कला विद्यालयात शिकवीत असत. पुढे पुस्तकातील काही चित्रे वडिलांनीच काढली. मोगलीच्या बहुतेक कथा मात्र किपलिंग यांनी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात राहत असताना लिहिल्या.

कथा सिवनीच्या डोंगराळ भागात व वैनगंगेच्या परिसरात घडतात. सिवनी जिल्ह्यातच उगम पावणारी ही नदी पुढे महाराष्ट्रातील भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतून वाहते. लांडग्यांनी माणसाची मुले वाढविल्याच्या हकिकती भारतात पूर्वीपासून सांगितल्या जात. विल्यम स्लीमन यांनी अशा काही हकिकती १८५२ साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या होत्या.

कथानक

शेरखान या लंगड्या वाघाच्या तावडीतून सुटलेले बालक लांडग्यांच्या गुहेत येते. बालू अस्वल त्याच्या बाजूने बोलते व बगीरा हा काळा बिबट्या एका बैलाच्या मोबदल्यात त्याचा जीव वाचवितो. कळपाचा नायक अकेला म्हातारा झाल्यावर शेरखानाच्या चिथावणीने कळप मोगलीवर उलटतो. मोगली गावात जातो, तेथे मेसुआ ही स्त्री त्याला मायेने सांभाळते. म्हशींचा कळप घळीत उधळवून तो शेरखानाला ठार करतो. पण गावकरी त्याला चेटक्या ठरवून दगड मारून हाकलतात. पुढे दख्खनमधून आलेल्या कोळसुंद्यांच्या टोळीशी लढताना अकेला मरण पावतो. अखेरच्या कथेत तरुण मोगली माणसांकडे परततो.

कळपाला तो माणूस वाटतो, तर गावाला तो जनावर वाटतो. दोन्हींकडून नाकारल्या गेलेल्या मुलाचे हे दुःख कथांच्या केंद्रस्थानी आहे.

जंगलचा कायदा

बोलीभाषेत ‘जंगलचा कायदा’ म्हणजे ‘बळी तो कान पिळी’ असा अर्थ रूढ आहे. किपलिंग यांच्या कथांत अर्थ जवळजवळ उलट आहे. तेथे कायदा म्हणजे सर्वांना बांधणारी शिस्त होय. शिकार पोट भरण्यासाठी करावी, केवळ मारण्याच्या आनंदासाठी करू नये. कळपाने एकमेकांना आधार द्यावा, असे त्याचे नियम आहेत. अवर्षणात नदीतील विशिष्ट खडक उघडा पडला की पाणवठ्यावर शिकारीस मनाई होते आणि वाघ व हरीण एकाच नदीवर पाणी पितात. कायदा न मानणाऱ्या माकडांना, म्हणजे ‘बंदरलोगां’ना, जंगलात मान नसतो.

चित्रपट व मालिका

१९४२ साली झोल्टन कोर्डा यांनी या कथांवर चित्रपट काढला. त्यात मोगलीची भूमिका साबू या भारतीय अभिनेत्याने केली. १९६७ चा डिस्ने कंपनीचा चित्रपट सर्वाधिक लोकप्रिय ठरला. मात्र त्याने मूळ पात्रे बदलली. पुस्तकातील का हा अजगर मोगलीचा शहाणा मित्र आहे, तर चित्रपटात तो त्याला गिळू पाहतो. मूळ कथेतील बालू हा कडक शिक्षक असून चित्रपटात तो गमत्या झाला आहे. वानरराजा लुई पुस्तकात नाही. जपानी चित्रमालिका हिंदीत दूरदर्शनवर दाखविली गेली. तिचे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले व विशाल भारद्वाज यांनी संगीतबद्ध केले.

प्रभाव

बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये लहान मुलांचे बालवीर पथक सुरू करताना किपलिंग यांच्या कथांचा आधार घेतला. त्यामुळे पथकाच्या प्रमुखाला ‘अकेला’ म्हणण्याची प्रथा पडली. १९१२ साली अवतरलेल्या टारझन या पात्रावरही मोगलीची छाया दिसते. सिवनी परिसरातील पेंच व्याघ्र प्रकल्पाची ओळख आज ‘मोगलीचे जंगल’ अशी करून दिली जाते.