मृग जागेवर नाही : पंचांगाचं गणित अन् आपली पेरणी



मे महिना सरत आला की पारावर एकच विषय. मिरूग कधी निघतो अन् वाहन कोणतं? मागं एका वर्षी वाहन चांगलं म्हणून मी पहिल्याच सरीवर सोयाबीन टाकलं. पुढं अठरा दिवस थेंब नाही. बियाणं, खत, मजुरी मातीत गेली, दुबार पेरणी केली. तेव्हा ठरवलं, हे गणित नेमकं काय ते समजून घ्यायचं. दहावीचं गणित त्याला पुरतं.

पंचांगात दोन घड्याळं चालतात. सणवार चंद्रावर. बारा चांद्रमासांचे दिवस होतात ३५४, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा ११ कमी. ही तूट भरायला १९ वर्षांत ७ अधिक महिने धरतात. २०२५ ला आषाढी एकादशी ६ जुलैला होती. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, म्हणून आषाढी थेट २५ जुलैला. पण मृग दोन्ही वर्षी ८ जूनच्या आसपासच. कारण पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. ३६५ दिवसांत २७ नक्षत्रं, एकाला साडेतेरा दिवस. जुन्या माणसांनी पेरणी तिथीला न बांधता नक्षत्राला बांधली, ती यासाठी. शहाणपण होतं त्यात.

वाहनाचं मात्र तसं नाही. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकी उरेल त्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक ठरतो. त्यात ना ढग आहे, ना वारा, ना समुद्र. माझं बियाणं त्या बाकीवर गेलं.

आता हे गणित कुठं शिकवलं जायचं ते सांगतो. आपल्याकडून मनमाडमार्गे चाळीसगावला गेलं की पुढं डोंगराच्या पायथ्याला पाटण गाव आहे, पाटणादेवीचं. तिथं एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. इ.स. १११४ ला जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० ला ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. अंकगणित, बीजगणित, ग्रहगणित सगळं त्यात. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं पाटणला मठ काढला अन् १२०७ च्या सुमारास त्याला दान मिळालं, असं तो लेख सांगतो. (आपल्या पुणतांब्यात गोदाकाठी समाधी आहे ते योगी चांगदेव वेगळे. नाव एक, माणसं दोन.)

मला भावलं ते लेखाच्या शेवटचं मराठी. मठाचा खर्च कशातून? बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा हिस्सा अन् तेलाच्या घाण्यामागं ठरलेलं तेल. म्हणजे आकाशाचं गणित आपल्यासारख्यांच्या मालावर चाललं. पिकवणाऱ्याचा त्यात वाटा होता, तसा त्याला हिशेब विचारायचा हक्कही आहे.

तो हिशेब असा. जुन्या सूर्यसिद्धांतात वर्ष ३६५ दिवस, ६ तास अन् साडेबारा मिनिटांचं. दीड हजार वर्षांपूर्वी दुर्बीण नसताना काढलेला हा आकडा ताऱ्यांच्या वर्षाशी साडेतीन मिनिटांत जुळतो. पण ऋतू ताऱ्यांवर चालत नाहीत. ऋतूंचं वर्ष ३६५ दिवस, ५ तास, ४९ मिनिटांचं. फरक साधारण २४ मिनिटं. ६० वर्षांत तो एक दिवस होतो. आजच्या सूक्ष्म गणितानं धरलं तरी ७० वर्षांत एक दिवस. संक्रांतच बघा. १८६३ ला विवेकानंद जन्मले ती संक्रांत १२ जानेवारीला होती, आता १४ नाहीतर १५ ला येते. मृगही तसाच सरकतो. आजच्या कॅलेंडरात मांडलं तर भास्कराचार्यांच्या काळी तो मे अखेरीस निघायचा. जवळजवळ बारा दिवसांचा फरक पडला.

आपल्या माणसांनी गणित वेळोवेळी दुरुस्तही केलं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० ला ‘ग्रहलाघव’ रचून ते सोपं केलं. त्यावर मराठी पंचांगं शेकडो वर्षं चालली. पुढं आकाशात दिसणारे ग्रह अन् पंचांग जुळेनात, तेव्हा केरो लक्ष्मण छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात नव्या आकड्यांचं पंचांग काढलं. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या समितीनं ऋतूंना धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली. २२ मार्च १९५७ ला १ चैत्र शके १८७९ धरून ती लागू झाली. आकाशवाणीवर अन् सरकारी राजपत्रावर आहे, पण पारावर पोचली नाही.

म्हणून माझं आता असं. मृग लागला की पेरणी नाही, तयारी करायची. बियाण्याची उगवण तपासायची, पाभर नीट करायची, पर्जन्यमापक धुऊन ठेवायचा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला अन् वीतभर ओल गेली की मगच सोयाबीन. पंचांग मी सोडलेलं नाही, देव्हाऱ्याजवळच आहे. पण ज्यांनी ते केलं ते वर बघून आकडा दुरुस्त करणारी माणसं होती. आपण निदान खाली माती उकरून बघावी.

तुमच्याकडं यंदा पहिला पाऊस किती मिलिमीटर झाला अन् ओल किती बोटं गेली, ते मोजून कळवा. वाहन नका सांगू.