पगार किती ते सोडा, पुरतो किती ते सांगा

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. 'दादा, दुबईत एवढा पगार मिळतोय, जर्मनीत तेवढा. कुठं जाऊ?' असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. लगेच मोबाईलवर गुणाकार सुरू होतो. दिरहमचे रुपये, युरोचे रुपये! पण देशादेशांतले पगार असे तोलता येतात का? हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचं एक उत्तर आपल्या सातारा-सांगलीत सापडतं.

साल १९२९. फोर्ड मोटार कंपनीचे युरोपात कारखाने होते. डेट्रॉईटचा कामगार जसा जगतो तसंच बर्लिनच्या किंवा कोपनहेगनच्या कामगाराला जगता यायचं असेल, तर त्याला पगार किती द्यावा? नुसता डॉलरचा भाव लावून उत्तर मिळेना. मग काम गेलं जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे. डेट्रॉईटमधल्या शंभर फोर्ड कामगारांच्या घरखर्चाची पाहणी झाली. भाडं, जेवण, कपडे, सगळं मोजलं. तसंच राहणीमान युरोपातल्या शहरांत कितीला पडेल, हे काढलं. अडचण अशी की प्रत्येक गावचं ताट वेगळं! १९३२ साली त्याचा अहवाल निघाला.

हा हिशोब आपल्या माणसांनी अहवालाशिवाय केव्हाच मांडला होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. या पट्ट्यातली, माण-खटावच्या दुष्काळी गावांतली माणसं गिरणीत कामाला मुंबईला जायची. रोख पगार म्हणजे गावाकडं मोठीच गोष्ट.

पण मुंबईत तो पगार कसा पुरायचा? सरकारच्या लेबर ऑफिसनं १९२१-२२ मध्ये मुंबईतल्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. त्यात ९७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. एकटे आलेले गडी तर गावकीच्या खोलीत दाटीवाटीनं राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे, खानावळीत जेवायचे. उरलेल्या पैशाची मनिऑर्डर गावाला. कमाई मुंबईच्या भावानं, खर्च गावाच्या भावानं! पगार पुरवायची ही खरी युक्ती.

पण याची किंमत कोण मोजत होतं? गावाकडं शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि पोरं बाईच्या अंगावर. नवरा सणासुदीला किंवा सुगीला आला तर आला. हा खर्च कुठल्या पगारपत्रकात दिसतो, सांगा बरं?

त्याच काळात उलटं उदाहरणही इथंच घडलं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांच्या मदतीनं कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला. तेच आपलं किर्लोस्करवाडी. कारखान्याबरोबर राहायची वसाहतही उभी राहिली. म्हणजे माणसानं पगारामागं घरदार सोडून जायचं, त्याऐवजी काम आणि घर एका जागी.

मग आलं १९८२. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, पगार शून्यावर. कितीतरी जण गावाला परतले. ज्याचं थोडंफार रान होतं, त्याच्या घरी निदान भाकरी होती. ज्याचं काहीच नव्हतं, त्याचे हाल झाले. पगाराच्या आकड्यात कधीच न दिसलेलं गाव तेव्हा कामी आलं.

आता तुमच्या ऑफर लेटरकडे वळू. दुबईत पगारावर इन्कम टॅक्स नाही, पण तुमचा व्हिसा बहुतेक वेळा नोकरीला बांधलेला, आणि ठराविक पगार असल्याशिवाय कुटुंब नेता येत नाही. जर्मनीत कर आणि विमा कापून हातात कमी येतं, पण त्या कपातीतच दवाखाना आणि बेकारीतला आधार येतो. दोन्हींचा गुणाकार रुपयांत केलात, तर यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून माझे तीन प्रश्न लिहून ठेवा. भाडं आणि जेवण जाऊन हातात किती उरतं? सोबत कोण येऊ शकतं आणि मागं कुणावर काय भार पडतो? आणि उद्या नोकरी गेली तर तुम्ही कुठं उभे राहाल? तिन्हींची उत्तरं घरच्यांसमोर बसून लिहा. कारण दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्यापेक्षा तुमच्या आईला जास्त ठाऊक असतं.

भेटू पुढच्या भागात!