चोच बघा, चोच!

नेरुळच्या डीपीएस तलावावर गुलाबी थवा उतरला की सगळे म्हणतात, ‘फ्लेमिंगो आले!’ पण ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंच्या जाती दोन. थोरल्याची चोच गुलाबी, टोक तेवढं काळं. धाकट्याची अख्खी गडद, दुरून काळीच वाटते. धाकटा जगाच्या लाल यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर आहे, थोरला नाही. म्हणून मोजताना घोळ परवडत नाही.

सालिम अलींनी १९४१च्या पुस्तकात माणसांना अशाच खुणा शिकवल्या. कॉम्प्युटरची पाळी उशिरा आली. २०११मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पक्ष्यांच्या २०० जातींचे ११,७८८ फोटो मांडले. चोच, डोळे, शेपूट धरून १५ जागा माणसांकडून खुणा करून घेतल्या. नाहीतर मॉडेल लबाड, मागचं पाणी-झाडं बघूनही उत्तर ठोकतं! खाडीत ती पळवाटही नाही, दोघंही एकाच चिखलात. आणि चोच? खाताना पाण्यात बुडालेली.