प्रवेशमूल्य आणि श्रमजीवी प्रेक्षक : भिवंडीच्या संदर्भात एक विचार

क्रीडेच्या इतिहासात सामन्यांचे निकाल व विजेत्यांची नामावळी यांची नोंद काळजीपूर्वक झालेली आढळते. प्रेक्षकाने प्रवेशद्वारापाशी काय मोजले आणि तेथवर पोहोचण्यासाठी काय गमावले, याची नोंद मात्र क्वचितच होते. फुटबॉल हा श्रमजीवी वर्गाचा खेळ होय, असे सर्वत्र मानले जाते. तथापि तो मैदानावर जाऊन पाहणे श्रमजीवी कुटुंबाला परवडते किंवा नाही, याचा निर्णय तिकिटावर छापलेल्या रकमेवरून करता येत नाही. भिवंडीसारख्या विणकरांच्या शहराच्या संदर्भात हा प्रश्न तपासू लागल्यास खऱ्या प्रवेशमूल्याचे तीन घटक पृथक् करावे लागतात : द्वारशुल्क, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी.

तुलनेसाठी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्याचे उदाहरण उपयुक्त ठरते, कारण तोही कापडाचाच प्रदेश होता. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने ओल्ड इटोनियन्स या उच्चभ्रू विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा पराभव करून एफ. ए. चषक जिंकला. विजेत्या संघात विणकर व सूतकताई करणारे कामगार होते. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापक संघांपैकी सहा लँकेशायरचे होते. १८९० साली या लीगने किमान प्रवेशशुल्क ६ पेन्स ठरविले. ही किमान मर्यादा होती, कमाल नव्हे. क्लबांच्या उत्पन्नाचे रक्षण हा तिचा हेतू होता, आणि अगदी दरिद्री मजुरास ती जड जाणारी होती. असे असूनही गिरणीकामगारांची गर्दी मैदानावर लोटली. याचे कारण शुल्काच्या स्वस्ताईत शोधण्यापेक्षा अन्य दोन गोष्टींत शोधले पाहिजे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुष कामगारांच्याही पदरात ही अर्धी सुटी पडली. शिवाय मैदान त्यांच्याच गावात होते. म्हणजे तीन घटकांपैकी दोन जवळजवळ शून्य झाल्यामुळे तिसरा सोसणे शक्य झाले.

मुंबईतील परिस्थिती निराळी होती. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि पहिली कित्येक दशके ती ब्रिटिश पलटणींच्याच हाती राहिली. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स, १९४० साली कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलीस हे संघ विजयी झाले. खेळाडू बदलले, तसा प्रेक्षकही बदलला. उघड्या मैदानावरील सामना फुकट पाहता येई. कुंपण घातलेल्या कूपरेज मैदानावर मात्र प्रवेशद्वार होते.

या प्रवेशद्वारावर राज्यसंस्थेचीही दृष्टी होती. इंग्लंडमध्ये १९१६ साली युद्धखर्चासाठी करमणूक कर बसविण्यात आला. मुंबई इलाख्यात १९२३ साली करमणूक शुल्काचा कायदा झाला, आणि त्यातील ‘करमणूक’ या शब्दाच्या व्याख्येत खेळांचाही समावेश होता. इंग्लंडने १९५७ साली मैदानी खेळांना या करातून मुक्त केले. महाराष्ट्रात मात्र राज्याचा हा कर २०१७ साली वस्तू व सेवा करात विलीन होईपर्यंत कायम राहिला. नव्या व्यवस्थेत मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धांचे २५० रुपयांपर्यंतचे तिकीट करमुक्त ठरले, व जानेवारी २०१८ मध्ये ही मर्यादा ५०० रुपये झाली. ‘परवडणारे तिकीट’ म्हणजे काय याची एक रेषा अशा रीतीने शासनाने आखली. परंतु ही रेषा व्यक्तीमागे आहे, कुटुंबामागे नव्हे. चार माणसांच्या कुटुंबाला तिच्या वरच्या टोकाशी २,००० रुपये मोजावे लागतात, आणि त्यात केवळ पहिला घटक येतो.

उरलेले दोन घटक भिवंडीत किती भारी ठरतात, हे या शहराच्या औद्योगिक घडणीवरून कळते. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी येथे वस्ती केली. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुरू झालेल्या संपानंतर कापडाचे उत्पादन फार मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे वळले. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ इतकी नोंदली गेली. परंतु गिरणीबरोबर असलेल्या सर्वच गोष्टी यंत्रमागाबरोबर आल्या नाहीत. मफतलाल, ऑर्के मिल्स यांसारख्या कापड उद्योगांचे फुटबॉल संघ मुंबईत खेळत. खेळाडूंना तेथे नोकरी मिळे. भिवंडीतील मालकी लहानलहान शेडमध्ये विभागलेली राहिली. तेथे कापड विणले गेले, संघ उभा राहिला नाही.

शेडमधील मजुरी कापडाच्या मापावर मिळते आणि पाळी बहुधा बारा तासांची असते. माग थांबला की मिळकत थांबते. यास्तव सामन्यासाठी काढलेली संध्याकाळ ही फुकटची संध्याकाळ नसते. प्रवासाचेही तसेच. भिवंडी रोड हे स्थानक दिवा-वसई मार्गावर असल्याने मुंबईस थेट उपनगरी गाडी नाही. आधी रस्त्याने ठाणे वा कल्याण गाठावे लागते. मुंबई सिटी हा इंडियन सुपर लीगमधील संघ २०१४ साली प्रथम नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर खेळला आणि २०१६ साली अंधेरीस गेला. दोन्ही ठिकाणी भिवंडीहून जाण्यास वाहन किमान एकदा बदलावेच लागते, आणि रात्रीचा सामना संपल्यावर मुलाबाळांसह परतीचा प्रवास हा स्वतंत्र प्रश्न उरतो.

१ जून २०१८ रोजी अंधेरीस भारत-चिनी तैपेई सामन्याला २,५६९ प्रेक्षक उपस्थित होते. कर्णधार सुनील छेत्री यांनी दुसऱ्या दिवशी लोकांना मैदानावर येण्याचे आवाहन केले, आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. आवाहनाचे हे यश निःसंशय मोठे आहे. तथापि ज्याला येणे शक्य आहे त्यालाच आवाहन आणू शकते. सोमवारी रात्री आठ वाजता मागासमोर उभ्या असलेल्या कामगाराची अडचण उत्साहाच्या अभावाची नाही.

कोल्हापूरचे उदाहरण या विवेचनास पुष्टी देते. तेथील पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ तालमींचे, म्हणजे पेठांचे आहेत, आणि शाहू स्टेडियम शहरातच आहे. प्रेक्षक घरून चालत सामन्याला जाऊ शकतो. संघ आपल्या पेठेचा असल्याने कुटुंबेच्या कुटुंबे त्यात गुंतलेली असतात.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या हजारो प्रेक्षकांनी ७७ पौंडांच्या नियोजित तिकिटाच्या निषेधार्थ ७७ व्या मिनिटाला मैदान सोडले व व्यवस्थापनास माघार घ्यावी लागली. प्रेक्षक उठून गेल्याने रिकाम्या झालेल्या त्या जागा जगाला दिसल्या. भिवंडीचा विणकर मुळात तेथवर पोहोचतच नाही. म्हणून त्याची अनुपस्थिती कोणत्याही आकड्यात उमटत नाही. द्वारशुल्क कमी करणे इष्टच आहे. परंतु लँकेशायरच्या इतिहासावरून असे दिसते की, विणकराला प्रेक्षक बनविले ते स्वस्त तिकिटाने नव्हे, तर मोकळ्या दुपारने आणि गावातल्या मैदानाने. भिवंडीत या दोहोंची वाण असेपर्यंत तिकिटावरील आकडा कितीही लहान छापला, तरी खरे प्रवेशमूल्य मोठेच राहील.